'कारण' या शब्दाची अर्धीच गोष्ट : चाल्डिनींचं 'इन्फ्लुअन्स' संशोधकाच्या नजरेने वाचताना



नेट-सेट झाली, पेटचा निकाल लागला, आता विषय शोधायचा आणि सिनॉप्सिस लिहायचा, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर 'माणसाचं मन कसं वळवलं जातं' या विषयावरचं एखादं पुस्तक तुमच्या हातात पडलंच असेल. मानसशास्त्रवाले वाचतात, एमबीएवाले वाचतात, पत्रकारिता आणि समाजकार्यवालेही वाचतात. या यादीत रॉबर्ट चाल्डिनी यांचं 'इन्फ्लुअन्स' हे नाव हमखास असतं. पहिली आवृत्ती १९८४ ची, आणि आजही जोरात खपतं.

मी विज्ञान शाखेतून आलेली, मानसशास्त्राची नाही. त्यामुळे या पुस्तकातल्या सिद्धांतांवर निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पण पुस्तकात सांगितलेल्या एखाद्या प्रयोगाचा मूळ पेपर काढून त्यातलं टेबल वाचणं, हे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला जमायला हवं. आज आपण तेच करू. पुस्तकातला एक प्रसिद्ध प्रयोग घेऊ आणि तो मुळात काय म्हणतो ते पाहू.

आधी पुस्तकाचं श्रेय

टीका करायची तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडावं. चाल्डिनी हे अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत बसून समाधान होईना म्हणून ते विक्री, जाहिरात, देणग्या गोळा करणं अशा धंद्यांच्या प्रशिक्षणात स्वतः जाऊन बसले. 'होय' म्हणवून घेण्यावर ज्यांचं पोट चालतं ती माणसं काय करतात, ते आतून पाहिलं. त्यातून त्यांनी सहा तत्त्वं काढली : परतफेड, दिलेल्या शब्दाशी सातत्य, सामाजिक पुरावा (म्हणजे चारचौघं करतात ते बरोबर वाटणं), आवड, अधिकार आणि टंचाई. पुढे २०१६ च्या पुस्तकात त्यांनी 'आपलेपणा' हे सातवं तत्त्व जोडलं.

ही वर्गवारी उपयोगी आहे यात वाद नाही. दुकानदार आधी चहा मागवतो आणि मग साड्या उलगडतो, तेव्हा काय चाललंय हे ओळखायला आपल्याला नाव मिळतं. एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की ती दिसायला लागते. पुस्तकाचं हे काम मोठंच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. तत्त्वं पटवण्यासाठी पुस्तक पुरावा कसा वापरतं, त्याबद्दल तो आहे.

झेरॉक्सच्या रांगेतला प्रयोग

पहिल्याच प्रकरणात चाल्डिनी टर्की पक्षिणीचं उदाहरण देतात. पिलाचा 'चीप-चीप' आवाज ऐकला की ती माया करते. इतकी, की तिच्या शत्रू प्राण्याच्या पेंढा भरलेल्या बाहुल्यातून तो आवाज आला तरी ती त्याला पंखाखाली घेते. बटण दाबलं की टेप सुरू. मग ते म्हणतात की माणसातही अशी बटणं असतात, आणि पुरावा म्हणून एक प्रयोग सांगतात.

हा प्रयोग एलेन लँगर, आर्थर ब्लँक आणि बेन्झिऑन शॅनोविट्झ यांचा, १९७८ साली प्रसिद्ध झालेला. जागा : न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतलं झेरॉक्स मशीन. कुणी झेरॉक्स काढायला आलं की संशोधकांचा माणूस येऊन 'मला आधी काढू द्याल का' असं विचारायचा. विचारण्याच्या तऱ्हा तीन. एक, नुसतीच विनंती. दोन, खरं कारण देऊन : घाई आहे म्हणून. तीन, पोकळ कारण देऊन : मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून. आता मशीनपाशी येणारा प्रत्येक जण झेरॉक्स काढायलाच येतो. म्हणजे हे कारण असून नसल्यासारखंच.

निकाल : नुसत्या विनंतीला ६० टक्के लोक 'हो' म्हणाले. खऱ्या कारणाला ९४ टक्के. आणि पोकळ कारणाला ९३ टक्के! पुस्तकाचा निष्कर्ष असा, की कारणात काय आहे याला महत्त्व नाही, 'कारण' हा शब्द ऐकू आला की टेप सुरू होते.

ऐकायला भारी वाटतं. वर्गात सांगितलं तर सगळे मान डोलावतात. विक्रीच्या प्रशिक्षणात, व्हॉट्सॲपवर, प्रेरणादायी व्हिडिओंत ही गोष्ट अशीच फिरते.

टेबलची दुसरी ओळ

आता मूळ पेपरचं टेबल बघा. त्यात ओळी दोन आहेत. वर सांगितलेले आकडे लहान विनंतीचे, म्हणजे पाच पानांचे. प्रयोगात मोठी विनंतीही होती, वीस पानांची. तिचे आकडे असे :

नुसती विनंती : २४ टक्के.
पोकळ कारण : २४ टक्के.
खरं कारण : ४२ टक्के.

वीस पानांचा प्रश्न आला आणि पोकळ कारणाची जादू पार उतरली. कारण न देणं आणि पोकळ कारण देणं यात तसूभरही फरक राहिला नाही. खऱ्या कारणाने मात्र फरक पडला. म्हणजे थोडं काही द्यायचं होतं तोवर लोकांनी कान अर्धवट ठेवला, जास्त द्यायची वेळ आली तेव्हा कारण ऐकलं आणि तोललं.

आता सांगा, हा प्रयोग 'माणूस टर्कीसारखा आहे' हे सांगतो, की 'माणूस कधी टर्कीसारखा वागतो आणि कधी नाही' हे सांगतो? लँगर यांनी विनंतीचे दोन आकार ठेवले ते हौस म्हणून नाही. त्यांचा प्रश्नच तो होता : बेसावधपणा कधी असतो आणि कधी संपतो. पुस्तकाच्या मूळ आवृत्तीत मात्र गोष्ट पहिल्या ओळीवर थांबते. 'कधी' हा प्रश्न गळून पडतो आणि 'कारण हा जादूचा शब्द आहे' एवढंच उरतं.

पंधरा माणसं

अजून एक गोष्ट टेबलमध्येच आहे. एकूण सहभागी १२०, गट सहा. लहान विनंतीच्या गटांत माणसं किती? १५, १५ आणि १६. म्हणजे ६० टक्के म्हणजे १५ पैकी ९, आणि ९३ टक्के म्हणजे १५ पैकी १४. पोकळ कारणाची सगळी कीर्ती पाच माणसांच्या फरकावर उभी आहे.

हे तुम्ही स्वतः करून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. ९ विरुद्ध १४, प्रत्येकी १५ पैकी, अशी दोन बाय दोनची मांडणी करून फिशरची अचूक चाचणी लावा. दोन्ही बाजूंची पी-किंमत साधारण ०.०८ येते. नेहमीच्या ०.०५ च्या रेषेच्या बाहेर.

पण लगेच 'प्रयोग खोटा' म्हणून मोकळं व्हायचं नाही. कारण देणारे दोन्ही गट एकत्र केले तर ३१ पैकी २९ 'हो' म्हणाले, कारण न देणाऱ्यांत १५ पैकी ९. याची पी-किंमत साधारण ०.०१. म्हणजे लहान विनंतीत काहीतरी कारण दिल्याने फायदा होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. 'पोकळ कारणही खऱ्याइतकंच चालतं' हे विधान मात्र फार थोड्या माणसांवर उभं आहे. दोन विधानांतला हा फरक धरता येणं म्हणजेच पेपर वाचता येणं. टक्केवारीच्या खाली नेहमी एक आकडा लपलेला असतो. आधी तो शोधायचा.

माणूस कधी ऐकतो?

मग 'कधी' या प्रश्नाचं उत्तर कुणी शोधलं का? शोधलं. रिचर्ड पेटी, जॉन कॅसिओपो आणि रेचल गोल्डमन यांचा १९८१ चा पेपर आहे, मिसुरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा. तो आपल्याला जवळचा वाटेल, कारण विषय परीक्षेचा आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं की पदवीआधी सगळ्या अभ्यासक्रमावर एक मोठी परीक्षा घ्यायचा विचार चाललाय. काहींना सांगितलं की ती पुढच्या वर्षापासून, म्हणजे तुमच्यावर येणार. काहींना सांगितलं की दहा वर्षांनी, म्हणजे तुम्ही तोवर सुटलेले. परीक्षेच्या बाजूचे मुद्दे काहींना भक्कम दिले, काहींना लेचेपेचे. आणि हे मुद्दे कुणाचे? काहींना म्हटलं शाळेतल्या मुलांचे, काहींना म्हटलं प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचे.

ज्यांच्यावर परीक्षा येणार होती त्यांनी मुख्यतः मुद्दे पाहिले. भक्कम असतील तर पटले, लेचेपेचे असतील तर नाही. ज्यांना काही देणंघेणं नव्हतं त्यांनी मुख्यतः सांगणारा कोण ते पाहिलं. याच कामातून पेटी आणि कॅसिओपो यांनी पुढे मांडलं की मन वळण्याचे दोन रस्ते असतात : एक विचार करून, एक वरवरच्या खुणा बघून. आणि विचाराच्या रस्त्याने जायला दोन गोष्टी लागतात : विचार करायची गरज वाटणं आणि विचार करता येणं. ही दुसरी अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाल्डिनींना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पुढच्या आवृत्त्यांत या संशोधनाची दखल आहे. पण पुस्तकाचा सगळा रोख बटण आणि टेपवर आहे. त्यामुळे वाचक पुस्तक मिटतो तेव्हा त्याच्या हातात सहा बटणं असतात. ती कुठल्या परिस्थितीत चालतात आणि कुठल्या नाही, हे हातात नसतं.

प्रयोगाबाहेर काय होतं?

परिस्थिती बदलली की परिणाम बदलतो, याचं उदाहरण खुद्द चाल्डिनींच्या कामातच सापडतं. २००८ मध्ये त्यांनी नोआ गोल्डस्टाइन आणि व्लादास ग्रिस्केविशियस यांच्यासोबत हॉटेलातल्या टॉवेलांवर प्रयोग केला. खोलीत कार्ड ठेवलं. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' अशा अर्थाच्या कार्डाला साधारण ३५ टक्के प्रतिसाद मिळाला, 'बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' अशा अर्थाच्या कार्डाला साधारण ४४ टक्के. सामाजिक पुराव्याचं हे आवडतं उदाहरण. पुढे जर्मनीत गेर्ड बोनर आणि लीना श्ल्युटर यांनी तेच करून पाहिलं. २०१४ च्या त्यांच्या पेपरात 'बहुतेक पाहुणे' वालं कार्ड साध्या कार्डापेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही प्रयोग प्रामाणिक असू शकतात. देश वेगळा, पाहुणे वेगळे, सवयी वेगळ्या.

आता एक-दोन प्रयोग सोडून मोठ्या संख्येकडे या. लोकांना सक्ती न करता, पत्राचा मजकूर किंवा पर्यायांची मांडणी बदलून हलकंसं वळवणं, याला 'नज' म्हणतात. थेलर आणि सनस्टीन यांच्या २००८ च्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला, आणि सरकारांनी त्यासाठी खास विभाग काढले. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या अशा दोन विभागांचे १२६ प्रयोग एकत्र तपासले. त्यांत सुमारे २ कोटी ३० लाख माणसं होती. जर्नलमध्ये छापून आलेल्या नज-प्रयोगांत सरासरी फरक ८.७ टक्के-बिंदूंचा, आणि या विभागांच्या सगळ्या प्रयोगांत १.४ टक्के-बिंदूंचा. या तफावतीचा मोठा भाग त्यांनी छपाईच्या निवडीला दिला : ठळक निकाल छापले जातात, फिके निकाल कपाटात राहतात.

१.४ म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात घ्या. पत्राचा मजकूर बदलायला खर्च जवळपास नाही, त्यामुळे सरकारला तेवढंही परवडतं. पण 'एका शब्दाने माणूस वळतो' या गोष्टीपासून आपण खूप लांब आलो.

आपल्याच टेबलावर

आता तुमच्या-माझ्या रोजच्या कामाकडे या. सहाही तत्त्वं संशोधनाच्या वाटेवर भेटतात. पेपरला हजार सायटेशन आहेत म्हणून तो बरोबर वाटतो : सामाजिक पुरावा. 'सर म्हणाले' एवढ्यावर विषय ठरतो : अधिकार. कुणीतरी रीडिंग घेऊन दिलं म्हणून लेखकांत त्याचं नाव घालावं लागतं : परतफेड. सिनॉप्सिस मंजूर झाला म्हणून न चालणारा विषय ओढत न्यावा लागतो : सातत्य. आणि मेलबॉक्समध्ये रोज येणारी ती पत्रं तर तुम्ही पाहिली असतीलच. ज्याची पीएच.डी. अजून सुरूही झाली नाही त्याला 'आदरणीय डॉक्टर' म्हणणारी, तुमच्या अमूल्य संशोधनाने आम्ही भारावलो म्हणणारी, विशेषांकात शेवटच्या तीनच जागा उरल्यात आणि स्वीकृती ४८ तासांत मिळेल म्हणणारी. आवड आणि टंचाई, दोन्ही एकाच पत्रात.

माझ्या एका ज्युनिअरने अशा एका जर्नलला पैसे भरले. मुलगी हुशार. पत्रातल्या चुका तिलाही दिसत होत्या. मग ती फसली कशी? 'आदरणीय डॉक्टर' वाचून तिच्या डोक्यातली टेप सुरू झाली म्हणून? मला तसं वाटत नाही. तिच्यासाठी ही वीस पानांची विनंती होती, पाचची नव्हे. विचार करायची गरज तिला पुरेपूर होती. कमी पडली ती दुसरी अट. थीसिस जमा करायची तारीख जवळ आली होती, फेलोशिप संपत आली होती आणि चांगलं जर्नल कसं ओळखायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वेळ नाही आणि माहिती नाही, तर विचार करणार कशाच्या जोरावर?

ती गरज आली कुठून, तेही पाहा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत थीसिस जमा करण्याआधी किमान एक पेपर छापणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली, पण विद्यापीठांच्या आणि नोकरीच्या पातळीवर पेपर मोजणं काही थांबलं नाही. बनावट जर्नलना आळा म्हणून २०१८ मध्ये यूजीसीने 'केअर' यादीची योजना आणली, तिचा कक्ष आपल्या पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता जर्नल पारखायचं काम संस्थांवर आणि शेवटी तुमच्यावर येऊन पडलंय.

चाल्डिनींच्या पुस्तकात मला हीच उणीव जाणवते. ते आपल्याला पत्र लिहिणाऱ्याच्या युक्त्या दाखवतं. पत्र वाचणारा कुठल्या कात्रीत सापडलाय, हे पुरेसं दाखवत नाही. युक्त्या पाठ केल्या की आपण सुरक्षित, असा समज त्यातून होतो. पण ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याला विचारायला कुणी आहे, तो युक्ती न ओळखताही बऱ्याचदा वाचतो. आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो युक्ती ओळखूनही अडकतो.

मग हे पुस्तक वाचायचं की नाही?

जरूर वाचा. पण प्रश्नांची खाण म्हणून वाचा, पुराव्याची यादी म्हणून नाही. त्यातला एखादा प्रयोग आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये घ्यायचा असेल तर पुस्तकाचा हवाला देऊन थांबू नका. मूळ पेपर काढा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा.

एक, टेबलमध्ये ओळी किती आणि पुस्तकाने त्यातल्या किती सांगितल्या.
दोन, प्रत्येक टक्केवारीखाली माणसं किती.
तीन, तोच प्रयोग दुसऱ्या कुणी, दुसऱ्या ठिकाणी केला का, आणि काय मिळालं.

'मूळ पेपर मिळत नाही' ही अडचण खरी असते. कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, लेखकांना दोन ओळींचा मेल टाका, बरेच जण पाठवतात. हे सगळं करायला एका प्रयोगामागे एक दुपार जाते. सिनॉप्सिसच्या घाईत ती दुपार काढणं अवघड आहे, हे मलाही माहीत आहे. म्हणून गाइडशी पहिल्याच महिन्यात बोलून घ्या : आठवड्यातली एक दुपार मूळ पेपर वाचायला आणि एक माणूस त्यावर बोलायला. विचार करता येण्यासाठी लागणारा वेळ आणि सोबत आधीच बांधून ठेवली, की ४८ तासांची मुदत घेऊन येणारं पत्र निवांत वाचता येतं.